नसलेल्या तलावाच्या कर्णिक मॅडम

आमच्या विद्यापीठात पोहण्याचा तलाव नव्हता. आजही नाही. गुरुग्रामहून फरीदाबादला जाणाऱ्या रस्त्यावर, अरवलीच्या कोरड्या खडकात ती जागा. तिथे प्यायचं पाणी टँकरने यायचं, पोहायला कोण देणार? तरीही आमचे विद्यार्थी त्या तलावाबद्दल अतिशय समाधानी आहेत, असं एका वर्षी आकड्यांनिशी सिद्ध झालं. ते सिद्ध करणाऱ्या बाईंचं नाव कुंदा कर्णिक. त्या आमच्याकडे संख्याशास्त्र शिकवायच्या आणि वर्षातून एकदा विद्यार्थ्यांचं समाधान मोजायच्या. या दुसऱ्या कामाबद्दल त्यांचे कुणी आभार मानल्याचं मला आठवत नाही.

नवऱ्याला गुरुग्राममध्ये नोकरी मिळाली म्हणून आम्ही पुणं सोडलं आणि मी या विद्यापीठात मुलांना इंग्रजीत नोकरी कशी मागावी हे शिकवायला लागले. पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. स्टाफरूममधून मी नवऱ्याला फोन करून फ्रीजमध्ये काय काय आहे ते सांगत होते. दिल्लीला आल्यावर आपल्याला एक सवय लागते. मराठी कुणाला कळत नाही असं धरून आपण चारचौघांत घरातलं सगळं बिनदिक्कत बोलतो. मी फोन ठेवला, तर समोरच्या टेबलावर पेपर तपासत बसलेल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "कोबी परवाचा असेल तर नको खाऊस म्हणावं. उन्हाळा आहे."

मी जागच्या जागी गार. त्याआधी मी नवऱ्याला सासूबाईंबद्दलही दोन शब्द बोलले होते. कर्णिक मॅडमनी त्याचा उल्लेख तेव्हाही केला नाही आणि पुढे कधीही केला नाही. त्यांनी फक्त आपला डबा माझ्याकडे सरकवला. आत ज्वारीची भाकरी होती आणि तोंडाला आग लावणारा ठेचा. त्या दिवसापासून माझं टेबल त्यांच्या टेबलाला चिकटलं ते कायमचं.

त्या ठेंगण्या होत्या, गोल चेहऱ्याच्या, सुती साडी नेसायच्या आणि पायात स्पोर्ट्स शूज घालायच्या. थंडी पडली की साडीवर भावाचा जुना हाफ स्वेटर चढायचा आणि होळी उलटली तरी उतरायचा नाही. मूळच्या मिरजेच्या. तरुणपणी कुठल्याशा सर्वेक्षणाच्या कामाला म्हणून दिल्लीत आल्या आणि राहून गेल्या. फरीदाबादला भाड्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. बाल्कनीत कढीपत्त्याचं झाड होतं, त्याची पानं तोडायला अख्ख्या इमारतीतल्या बायका बेल वाजवायच्या आणि एकीलाही त्या चहा घेतल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

इतकी वर्षं दिल्लीत काढून त्यांचं हिंदी मात्र मिरजेतच राहिलं होतं. फळ्यावरचं गणित मुलांना सुटलं नाही की त्या म्हणायच्या, "अरे, ऐसा क्या करता है? थोडा डोका लगाव." हरियाणाची ती धिप्पाड पोरं हसायची आणि मग एकमेकांना तेच म्हणायची. शेवटी शेवटी कँटीनमध्ये, बसमध्ये, क्रिकेटच्या मैदानावर सगळीकडे डोका लगाव ऐकू यायला लागलं. एकदा डायरेक्टर साहेबही मीटिंगमध्ये बोलून गेले आणि आपण काय बोललो म्हणून स्वतःच चपापले.

पण त्यांचं खरं पालुपद निराळं होतं: "बसून बघितलंस का?" कुणी कशाचीही स्तुती केली की हा प्रश्न यायचाच. नवीन कँटीन काय मस्त झालंय, असं मी म्हटलं. "बसून बघितलंस का?" आम्ही जाऊन बसलो. बाकं इतकी अरुंद होती की जेवताना माणूस पुढे सरकत सरकत ताटात जाईल अशी भीती वाटायची. कर्णिक मॅडमचा कागदावरच्या कुठल्याही सोयीवर विश्वास नव्हता. प्रत्येक मजल्यावरच्या कूलरचं पाणी त्या स्वतःच्या स्टीलच्या भांड्यातून पिऊन बघायच्या, विद्यापीठाच्या बसमध्ये मुद्दाम शेवटच्या सीटवर बसायच्या आणि मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी आतून लावून बघायच्या. लग्न का केलं नाही, असं मी एकदा भीत भीत विचारलं. "दोन स्थळं आली होती," त्या म्हणाल्या. "बसून बघितलं. उठले."

करोल बागेत त्यांच्याबरोबर खरेदीला जाणं हा एक वैताग होता. मेट्रोतून उतरलं की माझे पाय आपोआप दुकानात वळायचे, पण कर्णिक मॅडम दाराशीच थांबायच्या. आतून बाहेर येणाऱ्या बायकांची तोंडं निरखत उभ्या राहायच्या. आत जाणाऱ्यांचं काही खरं नसतं, त्या आशेवर असतात, येणाऱ्यांकडे बघावं, असं त्यांचं शास्त्र होतं. एका साडीच्या दुकानाबाहेर आम्ही इतका वेळ उभ्या राहिलो की दुकानदाराने आम्हाला प्रतिस्पर्ध्याची माणसं समजून चहा पाठवला. तो चहा पिऊन मॅडम शेजारच्या दुकानात शिरल्या. मी शरमेने अर्धी झाले, पण साडी खरंच चांगली निघाली.

त्यांच्या समाधानाच्या कामाची कथा अशी. दरवर्षी बाहेरून तपासणी समिती यायची. तिच्यापुढे ठेवायला विद्यार्थ्यांचा अभिप्राय लागायचा. वाचनालय, प्रयोगशाळा, बस, जिमखाना, दवाखाना, स्वच्छतागृहं, एकेका सोयीपुढे अतिशय समाधानीपासून असमाधानीपर्यंत रकाने असत आणि मुलांनी मोबाइलवर त्यात खुणा करायच्या असत. मुलं पहिल्या रकान्यात वरून खाली सरळ रेघ ओढल्यासारख्या खुणा करून मोकळी व्हायची. डायरेक्टर साहेब खूष व्हायचे, समिती खूष व्हायची, आणि कर्णिक मॅडमचं तोंड कडू व्हायचं. कडी नसलेल्या स्वच्छतागृहावर कुणी अतिशय समाधानी कसं असू शकतं, हे त्यांना पटत नव्हतं. मी त्यांची मदतनीस होते, आणि मला ते अगदी पटत होतं. पोरं ती, कशाला वाचतात?

त्या सुमारास एका रविवारी त्या आमच्या घरी जेवायला आल्या. आमची सोसायटी म्हणजे गुरुग्राममधल्या कुठल्याही सोसायटीसारखी, उंचच उंच, खाली हिरवळ आणि मधोमध निळाशार पूल. काठावर एक रखवालदार खुर्ची टाकून बसलेला आणि पाण्यात कुणीही नाही. पूल छान आहे की, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो, खूपच छान आहे, आम्ही फार खूष आहोत. "उतरलीस कधी?" मी नाही म्हटलं. नवरा उतरला का? नाही. मुलगी? तिला क्लोरीनची अॅलर्जी. कर्णिक मॅडम कठड्याला टेकून बराच वेळ त्या निळ्या पाण्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं त्यांना मिरजेची कृष्णा आठवली असेल. त्यांच्या डोक्यात प्रश्नावली चालली होती.

त्या वर्षीच्या फॉर्ममध्ये जिमखाना आणि दवाखाना यांच्यामध्ये एक नवी ओळ आली: जलतरण तलाव. मुलांनी आपली नेहमीची रेघ ओढली आणि तलावही तिच्याखाली आला. एकाही माणसाने, कुठे आहे हो तुमचा तलाव, असं विचारलं नाही. मी तर हसून हसून बेजार झाले. मॅडमनी अहवालाच्या पहिल्याच पानावर ठळक लिहिलं की हा प्रश्न मुलं वाचून उत्तरं देतात का हे तपासण्यासाठी घातला होता, तेव्हा या वर्षीचे कुठलेच आकडे समितीला दाखवू नयेत.

पहिलं पान कोण वाचतं? ऑफिसातल्या उत्साही मंडळींनी आतले तक्ते उचलले आणि पडद्यावर दाखवायला रंगीत चित्रं बनवली. समिती आली. डायरेक्टर साहेब निवृत्त बँक अधिकारी, उंच, लाघवी बोलणारे, त्यांना प्रेझेंटेशन म्हणजे जीव की प्राण. ते एकेक चित्र दाखवत गेले आणि निळ्या रंगातला जलतरण तलाव आला. मागच्या रांगेत मी शेजारी बघितलं. कर्णिक मॅडमनी डोळे मिटून घेतले. समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी, जेवण झाल्यावर तलाव बघायला आवडेल, असं अगदी सौजन्याने सांगितलं. साहेब क्षणभरच थांबले. मग म्हणाले की तलावाचं सध्या नूतनीकरण चाललंय. जेवणानंतर पाहुण्यांना इमारतीमागची आग विझवायच्या पाण्याची टाकी दाखवली गेली. गृहस्थ टाकीत वाकून बघत म्हणाले, खोल आहे.

साहेबांनी मॅडमना बोलावून घेतलं तेव्हा मीही बरोबर होते. त्यांचा आवाज चढला नाही, पण कान लाल झाले होते. मॅडमनी पहिलं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. साहेबांनी ते वाचलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, कर्णिक जी, आप मज़ाक बहुत अच्छा करती हैं. मॅडमचं निवृत्तीचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. दर मेमध्ये साहेबांच्या सहीने त्यांना एक वर्ष वाढवून मिळायचं. ती सही आता सोपी राहिली नव्हती, हे दोघांनाही कळलं.

आम्ही सगळे पुढे कित्येक दिवस टाकीवर हसलो. मॅडम एकदोन दिवस हसल्या आणि मग थांबल्या. त्यांना कारण हवं होतं. त्या वर्गावर्गात जाऊन विचारायला लागल्या की तलावावर खूण का केलीत. मुलगे खिदळले, पढ़ा ही नहीं मैडम, म्हणाले. मी तेच तर म्हणत होते. मग आम्ही बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात गेलो आणि तिथे शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचं नाव मोनिका. पलवलच्या पुढच्या कुठल्याशा गावातून यायची, आधी टेंपो, मग मेट्रो, मग विद्यापीठाची बस. ओढणी डोक्यावरून घेतलेली, नजर बाकावर.

"मैंने पढ़ा था, मैडम."

पढ़ा था, तर मग तलाव कुठे आहे असं का नाही विचारलंस, मॅडमनी विचारलं.

"मैंने सोचा, होगा कहीं," मोनिका म्हणाली. "हमारे लिए थोड़े ही होगा."

मग समाधानी अशी खूण का केलीस? मोनिकाला हा प्रश्नच कळेना. थोडा वेळ विचार करून ती म्हणाली, "है, तो अच्छी बात है ना, मैडम."

वर्गात कुणी हसलं नाही. तिच्या आजूबाजूच्या दोघीतिघींनी माना हलवल्या, म्हणजे त्यांनीही वाचलं होतं. कर्णिक मॅडमनी मोनिकाला बस म्हणून सांगितलं आणि फळा पुसायला घेतला. फळा कोराच होता. मी दाराशी उभी होते आणि मला त्यांच्याकडे बघवेना. त्या संध्याकाळी बसची वाट बघताना त्या एवढंच म्हणाल्या, "मी समजत होते, ही पोरं निष्काळजी आहेत. या मुली तर पाहुण्यासारख्या राहतात गं."

त्यानंतर मॅडमनी मोनिकाचा आणि तिच्यासारख्या, रोज गावाहून येणाऱ्या मुलींचा पिच्छा पुरवला. दोन तासांच्या मध्ये या मुली कुठे जातात? वसतिगृहातल्या मुलींना खोल्या होत्या, मुलग्यांना मैदान आणि कँटीन होतं. या मुली वाचनालयाच्या जिन्यात बसायच्या. तिथेच डबा खायच्या, तिथेच अभ्यास करायच्या, कुणी वरून खाली यायला लागलं की पाय जवळ घ्यायच्या. आणि त्याच जिन्याने वर गेलं की शेवटच्या मजल्यावर एक प्रशस्त अभ्यासिका होती. एसी, गाद्यांच्या खुर्च्या, खिडकीतून दिसणारी अरवलीची टेकडी, आणि दाराला कुलूप. खुर्च्यांवरची प्लॅस्टिकची वेष्टनं अजून काढली नव्हती. पाहुणे यायचे तेव्हा ती उघडायची, पाहुणे वा वा म्हणायचे आणि पुन्हा बंद व्हायची. आपल्याकडे पाहुण्यांसाठी काचेच्या कपाटात ठेवलेला कपबशांचा सेट असतो ना, तशातली ती खोली.

मॅडमनी चावी मागितली. साहेबांचं उत्तर ठरलेलं होतं: सामान खराब होईल. मॅडमनी पुन्हा मागितली. मेंटेनन्सकडे जा म्हणाले, मेंटेनन्सने वाचनालयाकडे पाठवलं, वाचनालयाने पुन्हा साहेबांकडे. मी त्यांना म्हटलं, अहो, तुमची वर्षाची सही अजून व्हायची आहे, जून उजाडू दे, मग भांडा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने डबा उघडला.

मे महिना आला. साहेबांनी बोलावलं. टेबलावर मॅडमच्या मुदतवाढीचा कागद होता, पेनसुद्धा उघडून ठेवलेलं. साहेबांच्या मनात सही करायचीच होती असं मला आजही वाटतं. ते वाईट गृहस्थ नव्हते. पण मॅडमनी बसता बसता पुन्हा अभ्यासिकेचा विषय काढला. साहेब वैतागले, हसले, आणि सहज चेष्टेत म्हणाले, "कर्णिक जी, आज आप तय कर ही लीजिए. एक्सटेंशन चाहिए या चाबी?"

"चाबी," मॅडम म्हणाल्या.

भाजीवाल्याने मेथी देऊ की पालक विचारावं आणि आपण मेथी म्हणावं, तितक्या सहज म्हणाल्या. खोलीत मी होते, दोन विभागप्रमुख होते. साहेबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. अरे नहीं नहीं, मज़ाक था, ते म्हणाले. मॅडमनी हात पुढे केला होता तो तसाच होता. शेवटी साहेबांनी ड्रॉवर उघडून चावी त्यांच्या हातावर ठेवली.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडले. फार चिडले. मला त्यांची सवय झाली होती, त्यांच्या डब्याची, पालुपदाची, शेजारच्या खुर्चीत त्यांच्या असण्याची. या परमुलखात माझं माहेर म्हणावं तर ते एक टेबल होतं आणि ते त्यांनी एका खोलीसाठी देऊन टाकलं. मी तसं बोलूनही दाखवलं. मॅडम कॉरिडॉरमधल्या बाकावर बसल्या. चावी मुठीत घट्ट होती.

"भीती वाटते गं मुक्ता," त्या म्हणाल्या. "भावाकडे मिरजेला कोण विचारणार मला? आत्याला चहा द्या आणि टीव्हीसमोर बसवा, एवढंच."

मग जा ना परत आत, मी म्हटलं, ते अजून सही करतील. आणि खरंच, साहेबांचा दुसऱ्या दिवशी फोन आला. चावीही ठेवा आणि वर्षही घ्या, म्हणाले. मॅडमनी त्यांचे मनापासून आभार मानले आणि नको म्हणाल्या. मला नंतर समजावून सांगितलं. त्या राहिल्या असत्या तर सगळं चेष्टेवारी गेलं असतं आणि पुढच्या पाहुण्यांपर्यंत कुलूप परत लागलं असतं. आपण चेष्टेत देऊ केलेली चावी एका बाईंनी खरोखरच नोकरीच्या भावात विकत घेतली, ही गोष्ट साहेबांना लागली होती. ती लागलेलीच राहायला हवी होती. हा हिशेब त्यांचा, मला तो आजही पूर्ण पटलेला नाही. पण कुलूप परत लागलं नाही हेही खरं. नवीन माणूस मिळेपर्यंत, म्हणजे डिसेंबरची परीक्षा होईस्तोवर, त्या शिकवत राहतील, एवढं ठरलं.

जुलैत अभ्यासिका उघडली आणि एकही मुलगी आली नाही.

दार सताड उघडं, एसी सुरू, आणि मुली जिन्यात. वर येऊन डोकावायच्या, कुणी बघितलं की जीभ चावून खाली पळायच्या. मॅडमना वाटलं होतं, दार उघडलं की झालं. मीही बरोबर जाऊन बसले, तरी आम्ही दोघीच. शेवटी त्या खाली जिन्यात गेल्या आणि मोनिकाला हाताला धरून वर घेऊन आल्या. तिच्या मागून इतर आल्या. आणि काय केलं त्यांनी? दाराबाहेर चपला काढल्या. ओळीने, देवळाबाहेर काढतात तशा.

"घालो, घालो चप्पल," कर्णिक मॅडम म्हणाल्या.

"गंदा हो जाएगा, मैडम."

"होने दो."

मोनिका खुर्चीच्या अगदी कडेला बसली, दप्तर मांडीवर घेऊन. मॅडमनी तिच्या खुर्चीवरचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या खुर्चीचं. मुली घाबरून बघत होत्या. मी मदतीला गेले, आणि फाडताना मला काय झालं कुणास ठाऊक, मला हसू यायला लागलं. मग एक मुलगी उठली आणि आपल्या खुर्चीचं प्लॅस्टिक स्वतः फाडायला लागली. तरीसुद्धा चपला दाराच्या आत यायला दिवाळी उजाडली. रोज थोड्या आत. मॅडम काही बोलायच्या नाहीत. कोपऱ्यातल्या टेबलावर पेपर तपासत बसायच्या आणि चष्म्यावरून दाराकडे बघायच्या.

डिसेंबरात परीक्षा संपल्यावर त्यांचा निरोपसमारंभ ठरला. साहेबांनी स्वतः लक्ष घातलं होतं. सभागृहात फुलं, शाल, फोटोग्राफर. साहेब भाषण घेऊन वेळेआधी आले होते, आणि सत्कारमूर्तीचा पत्ता नव्हता. मला पाठवलं. मला ठाऊक होतं कुठे असतील. मी धापा टाकत वरच्या मजल्यावर गेले. मॅडम ठेवणीतली नारायणपेठी नेसल्या होत्या, वरून तो हाफ स्वेटर होताच, आणि दाराकडेच निघाल्या होत्या. तेवढ्यात मोनिका त्यांच्या वाटेत उभी राहिली. ती आता तिसऱ्या वर्षाला होती.

"मैडम, इस कमरे का इंचार्ज कौन है?"

काय झालं, मॅडमनी विचारलं.

"एसी सीधा सिर पे आता है. उस तरफ की सारी टेबलें हिलती हैं, लिखा नहीं जाता. और शनिवार को ताला क्यों लगाते हैं? शनिवार को हमारी क्लास होती है. हम फिर कहाँ बैठें?"

नजर सरळ मॅडमच्या डोळ्यांत होती. मी घाईघाईने म्हणाले, मोनिका, आज नाही, आज मॅडमचा शेवटचा दिवस आहे, सगळे खाली थांबलेत. मोनिका माझ्याकडे बघून म्हणाली, हो, म्हणूनच आजच सांगते. कर्णिक मॅडमनी हाताने मला गप्प केलं. जवळची खुर्ची ओढली, साडी सावरून बसल्या आणि मोनिकाकडे मान वर करून म्हणाल्या, "और?"

कुणीतरी म्हणालं, चार्जिंगचे प्लग बंद आहेत. कुणी म्हणालं, पाणी प्यायला दोन मजले खाली जावं लागतं, कूलर वर का नाही? मुली टेबलं सोडून भोवती जमल्या. एक बोलत असताना दुसरी तिला थांबवून बोलायला लागली, आवाज चढायला लागले. माझा फोन वाजत होता, साहेबांचा होता. मी दारातून मॅडमना दोनदा खूण केली. त्यांनी बघितलंच नाही. सगळ्या मुलींच्या मधोमध, गुडघ्यांवर हात ठेवून त्या बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा इतका फुललेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. बोलणं जरा थांबलं की त्या म्हणायच्या, "और?" आणि मुलींना आणखी काहीतरी आठवायचं.